व्हेरिकोज व्हेन्स: मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय उपचार

अंधेरीतील सीप्झ, एमआयडीसीत दिवसभर उभे राहून काम करता आणि संध्याकाळी पाय ठणकतात? शिरांमधील झडपा नीट बंद झाल्या नाहीत की रक्त खाली साचते व शिरा फुगतात. मोज्यांनी आराम पडतो, पण झडपा दुरुस्त होत नाहीत.

आधी तपासणी: कलर डॉप्लरमध्ये बिघाड नेमका कुठे आहे ते दिसते. त्यावरूनच उपचार ठरतो.

उपचारांचे पर्याय

- लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी: सुईच्या छिद्रातून बारीक नळी घालून उष्णतेने शीर बंद करतात. सहसा जागेपुरतीच भूल पुरते.
- ग्लू: उष्णतेऐवजी विशिष्ट गोंदाने शीर चिकटवतात.
- फोम स्क्लेरोथेरपी: फेसाळ औषधाचे इंजेक्शन, लहान किंवा उरलेल्या शिरांसाठी उपयुक्त.

शीर बंद केल्यावर रक्त इतर निरोगी शिरांतून वाहते. बहुतेकांना त्याच दिवशी चालत घरी जाता येते. मात्र काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात.

थांबू नका: घोट्याजवळची त्वचा काळवंडली किंवा जखम भरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. एक पाय अचानक सुजला, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर तातडीने रुग्णालय गाठा.