वाड्याचा खण : लाकडात मांडलेल्या घराचा शोध

आमचा वाडा २०११ साली उतरवला. ‘पाडला’ असे आमच्या घरात कोणी म्हणत नाही. भिंती पाडतात, सागवानी लाकूड उतरवतात. त्याआधी चार दिवस मोजपट्टी आणि चौकडीची वही घेऊन मी वाड्यातला प्रत्येक खांब, तुळई आणि चौकट मोजली. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही. पुण्याच्या पेठांतले वाडे पाहत आणि जुन्या सुतारांना विचारत जे उमगले, ते येथे मांडतो आहे. त्या वहीचे पुढे काय झाले, तेही सांगणे भाग आहे.

वाड्यातल्या लाकूडकामाचा विषय निघाला की बोलणे नक्षीवर येते. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांवरच्या महिरपी, खाली लोंबणारी केळफुले, दारावरची गणेशपट्टी. दुसऱ्या बाजीरावासाठी १८०७च्या सुमारास उभा राहिलेला पुण्याचा विश्रामबागवाडा याच कामासाठी प्रसिद्ध आहे. पण सामान्य गृहस्थाच्या वाड्यात नक्षी असे ती दर्शनी भागात आणि दिवाणखान्यात. माजघर, कोठी, स्वयंपाकघर येथे साधे चौकोनी खांब. तरीही ओटीवरून माजघरात जाताना आपण दुसऱ्याच घरात आलो असे कधी वाटत नाही. हे एकसारखेपण येते कोठून? माझे उत्तर एका शब्दाचे आहे : खण.

दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घर किती मोठे, हे त्याच मापात सांगत : तीन खणांची ओटी, पाच खणांची माडी. खणाची लांबी सुतार लाकूड पाहून ठरवी. तुळईला सरळ लाकूड किती लांब मिळते आणि वरचा भार घेऊन ती किती अंतरावर वाकणार नाही, याचा तो हिशेब होता. आमच्या वाड्यात खण सव्वापाच फुटांचा भरला. चौकाच्या चारही बाजूंना मोजला. फरक एखाद्या बोटाचा.

एकदा खण ठरला की बाकीचे त्याच्या मागे येई. जोत्यावर दगडी तळखडा, म्हणजे खांबाला ओल आणि वाळवी लागू नये. त्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, हाच कडीपाट. आमच्याकडे प्रत्येक खणात चार कड्या होत्या. ओटीवरचे दार बरोबर अर्ध्या खणाचे, भिंतीतले फडताळ खणाच्या मधोमध, देवळी खांबाच्या रेषेत. झोपाळ्याच्या कड्या दोन खण सोडून. सुताराचा गज चोवीस तसूंचा, आणि त्या एकाच गजाने तुळईही मोजली जाई व फडताळाची फळीही. जोड बहुतेक खाचा आणि लाकडी खुंट्यांचे.

कामाचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. आज आधी खोली तयार होते आणि मग सुतार येऊन प्लायवूडची कपाटे तिच्यात बसवतो. वाड्यात लाकडाचा सांगाडा आधी उभा राही. चौकट उभी करून तिची पूजा होई, आणि भिंत नंतर तिच्याभोवती चढे. म्हणजे दार, फडताळ, कोनाडा हे भिंतीत मागाहून घुसवलेले नसत; भिंतच त्यांच्या मापाने होई. पुढे १२ जुलै १९६१ला पानशेतचे पाणी पुण्यात शिरले, तेव्हा नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंतींचे असंख्य वाडे ढासळले. आमच्या मागच्या सोप्याची भिंत तेव्हा विरघळली, पण माडी खांबांवर उभी राहिली, असे आत्या सांगत असे.

खणाने केवळ घर मांडले असे नाही, हे मला एका कागदावरून कळले. आमच्या पणजोबांच्या वेळच्या वाटणीपत्रात थोरल्या भावाला ओटीचे पूर्वेकडील दोन खण आणि धाकट्याला पश्चिमेकडील तीन खण दिले आहेत. पण या पाच खणांवरची तुळई दोन लांब लाकडे सांधून केलेली, आणि सांधा नेमका धाकट्याच्या वाटणीतल्या खांबावर. थोरल्याचे छत धाकट्याच्या खांबावर उभे! वाटणीपत्रात म्हणूनच एक ओळ आहे की, दोघांपैकी कोणी खांब हलवू नये. पुढे दोन्ही घरांत बारा वर्षे बोलणे नव्हते. खांब कोणी हलवला नाही.

मराठीत टेबलाच्या कप्प्यालाही खण म्हणतात. आत्या शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली, “अरे, मंगळसूत्राची पावती तिसऱ्या खणात बघ.” मी कपाट उपसले. तिच्या मनात माजघराचा तिसरा खण होता. पावती तिथल्या देवळीत सापडली.

आता वहीविषयी. मी लांबी, जाडी, नक्षी, स्थिती अशी रकाने आखून नोंद केली होती. अभ्यासासाठीच केली होती. वाडा उतरवायचा ठरला तेव्हा जुन्या लाकडाचा व्यापारी आला आणि एका नातलगाने माझी वही त्याच्यापुढे ठेवली. मी तिथेच होतो. नको म्हणालो नाही. माझी यादी हीच सौद्याची यादी झाली. नक्षीचे खांब वेगळे, साधे वेगळे, तुळया फुटाच्या भावाने. वारसांना आठवण म्हणून एकेक खांब मिळाला. माझा खांब आज फ्लॅटच्या कोपऱ्यात उभा आहे. छताला तो पोहोचत नाही. वर कुंडी ठेवली आहे. पाहुणे नक्षीवरून हात फिरवतात.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात नक्षीदार दारे-खिडक्या पुष्कळ आहेत आणि मी त्या अनेकदा पाहिल्या आहेत. पण माझे पाय थांबतात ते मस्तानी महालापाशी. कोथरूडचा तो महाल उतरवून संग्रहालयात पुन्हा उभा केला आहे. तेथे खांबावर महिरप आहे, महिरपीवर छत आहे. लाकूड आपापल्या जागी आहे. शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. तेथे उरलेल्या जोत्यांवरून निदान दालने कोठे होती ते चालून पाहता येते. आमच्या वाड्याच्या जागी आता तेही नाही, खाली वाहनतळ आहे.

माझ्या वहीत चौतीस खांबांची मापे आहेत. कोणता खांब कोठे उभा होता याचा रकाना मी आखला नव्हता. चार दिवस त्याच घरात वावरत होतो, त्यामुळे ते लिहिण्याची गरज वाटली नाही. ज्यांच्या घरी अजून वाडा उभा आहे, त्यांना म्हणून एवढेच सांगतो : छायाचित्रे काढाल तेव्हा आधी जमिनीचा नकाशा काढा, प्रत्येक खांबाला क्रमांक द्या आणि खण मोजा. नक्षी बाजारात कोणीही सांभाळील. हे काम मात्र घरच्या माणसालाच करावे लागेल, आणि तेही वाडा उभा असतानाच.