कान्हेरीचे जुने पाहुणे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही सहकुटुंब चालत जातो ते कान्हेरीसाठी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इथे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली, आणि त्यामागचा पैसा बराचसा बंदरांतून आला. सोपारा, कल्याण, चौल इथल्या दात्यांची नावं शिलालेखांत आहेत. मोठा चैत्य तर यज्ञश्री सातकर्णीच्या काळात दोघा व्यापारी भावांनी करवून घेतला.

मला खरं अप्रूप आहे ते पाण्याचं. धाकटीला मी दरवेळी कातळातली पन्हळ दाखवते: छिन्नीचे घाव अजून हाताला लागतात. डोंगरावर पडलेलं पाणी उतारानं येऊन दाराशेजारच्या टाक्यात पडतं. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं! भिक्षूंना चातुर्मास संपल्यावरही इथे राहता आलं, ते या टाक्यांमुळेच.

नव्वद नंबरच्या लेण्यात मात्र मी सगळ्यांना थांबवतेच. तिथे भिंतीवर पहलवी लिपीत पारशी पाहुण्यांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत, प्रत्येकाच्या नावापुढे बापाचं नाव, शिवाय तारीख. साल १००९. लेणी तेव्हाच जुनी झाली होती. ही माणसं वेगळ्या धर्माची, तरी डोंगर चढून मुद्दाम बघायला आली. मोठ्यानं ती नावं वाचताना घरातल्याच कुणाची हजेरी घेतेय असं वाटतं. बारा वर्षांनी, १०२१ मध्ये, आणखी एक मंडळी आली आणि त्यांनीही नावं कोरली.