वाईचे घाट आणि त्यांचे राखणदार

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना खंबाटकी ओलांडली, कीं सुरुरच्या फाट्यावरून एक रस्ता पश्चिमेकडे वळतो आणि थोड्याच वेळांत प्रवाशास वाईला आणून पोहोंचवितो. पांचगणी-महाबळेश्वरास निघालेली मंडळी येथें चहापुरती थांबतात, ढोल्या गणपतीचें दर्शन घेतात आणि लगेच पसरणीच्या घाटाला लागतात. परंतु ज्याला वाई खरोखर पाहावयाची आहे, त्यानें देवळांतून बाहेर पडल्यावर वाहनाकडे न वळतां नदीच्या पायऱ्यांवर घटकाभर बसावें. या लहानशा शहराचा इतिहास त्याच्या वाड्यांपेक्षां या काळ्या दगडांवर अधिक स्पष्ट उमटला आहे.

कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते व डोंगरांच्या कुशींतून बाहेर पडून वाईजवळ सपाटीस येते. उन्हाळ्यांत तिचें पात्र शांत व उथळ असतें. पावसाळ्यांत तीच नदी घाटाच्या पायऱ्या एकामागून एक गिळीत वर चढते. गुरु कन्या राशीस आला म्हणजे गंगा वर्षभर कृष्णेच्या भेटीस येते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दर बारा वर्षांनीं येणाऱ्या या कन्यागताच्या पर्वास येथें मोठी यात्रा भरते. वाईस दक्षिण काशी म्हणतात तें अशाच श्रद्धेनें.

घाटांचें आजचें रूप बव्हंशीं अठराव्या शतकांतील आहे, आणि त्यांत मोठा वाटा रास्ते घराण्याचा आहे. रास्ते मूळचे गोखले. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांस दिली आणि हें घराणें पेशव्यांचें सोयरें झालें. भिकाजींचे पुत्र आनंदराव यांनीं सन १७५७ मध्यें काशीविश्वेश्वराचें देऊळ बांधलें; दुसरे पुत्र गणपतराव यांनीं सन १७६२ मध्यें गणपतीचें. या दुसऱ्या सनाकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासराव पडले आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत नानासाहेबांनीं देह ठेवला. विश्वासराव हे रास्त्यांच्या बहिणीचे थोरले चिरंजीव आणि नानासाहेब त्यांचे मेहुणे. घरावर असा दुहेरी घाला पडला असतांहि दुसऱ्याच वर्षीं हें काम तडीस गेलें.

देऊळ बांधणाऱ्यांनीं नदीचा स्वभाव ओळखला होता. एकाच शिळेंतून घडविलेल्या त्या अवाढव्य मूर्तीकडे सर्वांची दृष्टि जाते, आणि तिच्या आकारावरूनच देवास ‘ढोल्या’ हें नांव पडलें. परंतु देवळाच्या मागें जाऊन पाहणारे थोडे. ही मागील भिंत सपाट नाहीं. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आला कीं दुभंगतो आणि दोहों बाजूंनीं निघून जातो. नदी हटविण्याचा खटाटोप न करतां तिला वाट करून द्यावी, एवढें साधें शहाणपण त्या गवंड्यांपाशीं होतें. म्हणून अडीचशेंहून अधिक पावसाळे सोसून देऊळ जागच्या जागीं उभें आहे.

वाईपासून थोड्याच अंतरावर मेणवली आहे. तेथें नाना फडणविसांचा चौकांचा वाडा व वाड्यामागें सुरेख घाट आहे. घाटावर टांगलेली मोठी घंटा सन १७३९ च्या वसईच्या विजयांतील म्हणून दाखवितात. परंतु तो घाट एका थोर पुरुषाचा. सन १८०० मध्यें नाना वारले, १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, आणि त्या पायऱ्यांवरील वर्दळ ओसरली. मग रास्त्यांची सत्ताहि त्याच वेळीं मावळली असतां वाईचे घाट नांदते कसे राहिले?

याचें उत्तर वाईच्या आळ्यांत सांपडतें. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपति आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी, अशा सात वस्त्यांनीं येथील नदीकांठ जणूं वांटून घेतला आहे. प्रत्येकीचा घाट निराळा आणि प्रत्येकीचा कृष्णाबाईचा उत्सवहि निराळा. माघ महिन्यापासून हे उत्सव पाळीपाळीनें सुरू होतात. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची स्थापना होते, कीर्तनें-भजनें होतात, सुवासिनी ओटी भरतात आणि प्रसादाच्या पंक्ती उठतात. या उत्सवाचें मूळ परंपरा शिवकाळांत नेते. सन १६५९ मध्यें अफझलखान वाईस तळ देऊन बसला असतां महाराजांवरील संकट टळावें म्हणून येथील एका ब्राह्मणानें कृष्णामाईस नवस केला. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशीं खानाचा वध झाला आणि नवस फेडण्यासाठीं उत्सव सुरू झाला, असें सांगतात.

या कथेइतकेंच उत्सवाचें व्यवहारांतील फळहि मोलाचें आहे. घाटावर पंक्ति बसावयाची तर घाट झाडला पाहिजे, गाळ उपसला पाहिजे, निखळलेला चिरा बसविला पाहिजे. दरवर्षीं ठरल्या वेळीं हें काम आळीच्या अंगावर येतें, आणि शेजारच्या आळीपेक्षां आपला घाट उणा दिसूं नये ही ईर्षाहि त्यांत असते. घाट धनिकांनीं बांधले. ते राखले आळ्यांनीं.

याच कांठानें विद्येलाहि आसरा दिला. गंगापुरींत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा नांवारूपास आली. सन १९१७ च्या सुमारास विनोबा येथें अध्ययनास राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेंत घडले. धर्मकोशाचें काम येथेंच चाललें आणि पुढें मराठी विश्वकोशाचें कार्यालयहि वाईस आलें. मोठ्या शहराच्या गजबजाटापासून दूर, नदीच्या सान्निध्यांत, वर्षानुवर्षें चालणारीं कामें येथें निभावलीं.

आतां काळ पालटला आहे. वरच्या अंगास धोम येथें धरण झाल्यापासून नदीचा ओघ माणसाच्या हातीं आला. घरोघर नळ आले. पहांटेच्या स्नानासाठीं व पाण्यासाठीं नदीवर जाण्याची गरज उरली नाहीं. ज्या नदीस माणूस रोज भेटत नाहीं, तिच्यांत सांडपाणी सोडतांना त्याचा हात अडखळत नाहीं. चित्रपटांचे निर्माते या घाटांवर वारंवार येतात, तेथील शोभा टिपतात आणि निघून जातात. शोभा राखण्याचें काम त्यांचें नव्हे. दगड आपोआप टिकतील, पण पाणी आपोआप निर्मळ राहणार नाहीं. माघांत मांडव पडावयाच्या आधीं ज्या हातांत झाडू येतो, तो वर्षाच्या उरलेल्या महिन्यांतहि येत राहिला, तरच कृष्णाबाईची ओटी भरण्यास कांहीं अर्थ उरेल. वाईस जाणाऱ्या प्रवाशानेंहि देवास नारळ वाढवून झाल्यावर त्याची करवंटी पाण्यांत टाकूं नये. राखणदारांच्या कामांत त्याचाहि तेवढाच वांटा आहे.