ऑक्सिजन येतो कुठून?

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तुम्ही शाळेत पाठ केलंच असेल. त्यातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड फुटून येतो, असं बरीच वर्षं मानलं जायचं. १९३७ ते १९३९ या काळात केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी पानातली हरितलवकं वेगळी काढली, कार्बन डायऑक्साइडऐवजी त्यांना लोहाचा एक क्षार दिला आणि उजेडात ठेवलं. तरी ऑक्सिजन निघालाच! तो ओळखायला त्यांनी काय वापरलं माहितीये? हिमोग्लोबिन. ऑक्सिजन धरला की त्याचा रंग बदलतो ना, म्हणून. (मला तर मूळ शोधापेक्षा ही युक्तीच जास्त आवडते.)

म्हणजे बोट पाण्याकडे जात होतं: पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन लोहाने घेतले. वाटेत त्यांना प्रकाशाचे दोन धक्के लागतात, हे चित्र हिल आणि फे बेंडॉल यांनी मांडलं ते थेट १९६० साली.