गिरण्या कुणी बुडवल्या?

कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांनी मुंबईच्या कापड गिरण्या बुडवल्या, हे मत आता पक्कं रुळलं आहे. आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या कपाशीच्या पट्ट्यातही कामगार संघटनेचा विषय निघाला की कुणीतरी ते ऐकवतंच. मला ते मान्य नाही.

आधी या मताची बाजू नीट मांडायला हवी. 18 जानेवारी 1982 ला सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वेळीच तडजोड झाली नाही, संप रीतसर मागेही घेतला गेला नाही आणि हजारो संसार उघड्यावर आले. लढाई कुठं थांबवायची, हे सामंतांना ठरवता आलं नाही. हा दोष त्यांच्या पदरी घालावाच लागेल.

पण संप हरणं वेगळं आणि धंदा बुडणं वेगळं.

सामंत घडले ते गिरणीत नव्हे, दगडखाणीत. घाटकोपरला त्यांचा दवाखाना होता आणि तिथल्या खाणींतले मजूर त्यांचे रोगी. सौंसर तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत. दगडाची धूळ छातीत बसते म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. औषध घेऊन मजूर पुन्हा त्याच धुळीत जाणार असेल, तर डॉक्टरला मजुरीबद्दल आणि मालकाबद्दल बोलावंच लागतं. सामंत बोलले, आणि त्यातून पुढारी झाले. 1972 मध्ये ते काँग्रेसचे आमदार झाले, तरी आणीबाणीत त्याच पक्षाच्या सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं.

गिरणी कामगार त्यांच्याकडे आपण होऊन गेले. 1981 च्या दिवाळीत बोनसचा करार झाला, तो कामगारांना पटला नाही. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं बोलणी करण्याचा हक्क एकट्या मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे हा करार करणाऱ्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, दिलेला. कामगार कितीही नाराज असले, तरी त्यांनी निवडलेल्या माणसाशी मालकानं बोलायलाच नको! त्यात बदली कामगारांचे हाल आणखी. पाळीच्या वेळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर हात हलवत घरी. वर्षानुवर्षं असं काढलेल्या माणसाला कुणी भडकवावं लागत नाही.

गिरणी कामगार फसवला गेला असता, तर 1984 च्या डिसेंबरात त्यानं सामंतांना धडा शिकवला असता. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट होती, संप तर केव्हाच मोडला होता. तरीही दक्षिण-मध्य मुंबईतून सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले.

आता खरा पुरावा. अहमदाबादेत गांधीजींच्या वळणाची मजूर महाजन ही संघटना होती. तंटा लवादापुढे न्यायचा, ही तिथली रीत. तिथं ना सामंत होते, ना असा संप. तरी ऐंशीच्या दशकात तिथल्या गिरण्याही ओळीनं बंद पडल्या. कारणं दोन्हीकडे सारखीच: भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणलं जाणारं कापड आणि जुनाट यंत्रांत पैसा न घालणारे मालक. मुंबईत त्यात जागेचे भाव मिसळले. 1991 च्या विकास नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली, तेव्हा कापड विणण्यापेक्षा जमीन विकणं फायद्याचं ठरलं. हा निर्णय सरकारचा, आणि लाभ मालकांचा.

16 जानेवारी 1997 ला पवईत सामंतांवर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. आणि आमच्या जवळची, 1877 मध्ये टाटांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल? मुंबईच्या संपाशी तिचा काही संबंध नव्हता. 1986 मध्ये ती राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये, सामंत गेल्यावर पाच वर्षांनी, बंद झाली.