प्रेरित यकृत पेशी

त्वचेतील तंतुजनक पेशींसारख्या पक्व पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत न नेता, निवडक नियामक जनुकांच्या साहाय्याने थेट यकृत पेशींचे गुणधर्म देऊन तयार केलेल्या पेशी. औषध संशोधनाला त्यांची निकड आहे. मानवी यकृतातून काढलेल्या पेशी दुर्मिळ असतात आणि बशीत ठेवल्यावर औषधांचे विघटन करणारी सायटोक्रोम पी-४५० विकरे काही दिवसांतच मंदावतात. प्राण्यांवरील चाचण्याही पुरेशा ठरत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस-बीवरील फियालुरिडिन या औषधाच्या चाचणीत १५ पैकी ५ रुग्ण यकृत निकामी झाल्यानंतर दगावले. प्राण्यांत हा धोका दिसला नव्हता. इतकी किंमत पुन्हा मोजावी लागू नये, हे या संशोधनाचे एक प्रयोजन.

२०११ मध्ये शांघाय येथील लिजियान हुई यांच्या गटाने उंदराच्या शेपटीतील तंतुजनक पेशींत गाटा-४, एचएनएफ-१ आल्फा व फॉक्स-ए-३ ही जनुके घालून आणि पी-१९-आर्फ हे जनुक निष्क्रिय करून अशा पेशी मिळवल्या. त्या अल्ब्युमिन स्रवत, ग्लायकोजेन साठवत. जन्मजात यकृतदोष असलेल्या उंदरांत रोपल्यावर काही उंदीर जगले. त्याच वर्षी जपानच्या क्यूशू विद्यापीठातील सेकिया व सुझुकी यांना केवळ दोन घटकांनी हे साधले. मानवी पेशींतील यश २०१४ मध्ये चीनमधून आले.

रूपांतर मात्र अपुरे राहते. २०१४ मधील विश्लेषणात उंदरांच्या अशा पेशींत आतड्याच्या पूर्वज पेशींची लक्षणे आढळली. विषाक्तता चाचणीत त्यांचा निकाल अंतिम मानण्याआधी ताज्या मानवी यकृत पेशींशी पडताळणी आवश्यक असते.