फुकटचा सर्व्हर, दहा वर्षांचा शब्द

कचेरीच्या एखाद्या कोपऱ्यात, बहुधा वातानुकूलित खोलीत, एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याच्यासमोर कोणी बसलेले नसते. बिले, पगार, मालाचा साठा, ई-मेल अशी सारी कामे तो मुकाट्याने करतो. हा सर्व्हर. तो कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवायचा हे व्यावसायिक एकदाच ठरवतो. निस्तरायचे मात्र पुढे कित्येक वर्षे असते.

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द असल्याने घोळ होतो. मराठीत मोफत वेगळे, मुक्त वेगळे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते मुक्त. प्रोग्राम वाचा, बदला, वाटा. पण वाटताना पुढच्यालाही तोच हक्क द्या, अशी अट घालणारा जीपीएल परवाना १९८९ मध्ये आला. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि पुढच्याच वर्षी तो या परवान्याखाली आणला.

त्या वेळी बर्कली विद्यापीठात वाढलेली बीएसडी ही प्रणाली लिनक्सपेक्षा कितीतरी मुरलेली होती. पण १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने तिच्यावरून दावा गुदरला आणि तडजोड व्हायला १९९४ उजाडले. तोवर बरेच लोक लिनक्सकडे वळले होते. तांत्रिक गुणांइतकाच कोर्टातल्या तारखांचाही त्यात हात होता, असे माझे मत आहे.

नुसत्या गाभ्यावर सर्व्हर चालत नाही. भोवतीचे शेकडो प्रोग्राम जमवून, एकमेकांशी जुळवून त्यांचा संच करावा लागतो. असा एक संच अमेरिकेतील रेड हॅट कंपनीने तयार केला. तो विकतही मिळे आणि फुकट उतरवूनही घेता येई. कंपनीने २००३ मध्ये ही वाट बंद केली. 'रेड हॅट लिनक्स ९' ही शेवटची आवृत्ती. तिची दुरुस्तीही एप्रिल २००४ मध्ये थांबली. व्यवसायांसाठी वर्गणी भरून मिळणारी 'एंटरप्राइझ' आवृत्ती राहिली आणि हौशी लोकांसाठी झपाट्याने बदलणारी 'फेडोरा' आली.

आता, झपाट्याने बदलणारे काही व्यावसायिकाला नकोच असते. त्याचा हिशेबाचा प्रोग्राम एका ठरावीक आवृत्तीवर तपासून घेतलेला असतो. सुरक्षेतली भोके बुजवा, पण बाकी काही हलवू नका, असे त्याचे म्हणणे. हे काम किचकट आणि कंटाळवाणे. नवा प्रोग्राम हौसेने लिहिणारे पुष्कळ भेटतात. सात वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामला हौसेने ठिगळ लावणारा विरळाच. गावच्या विहिरीवर पाणी भरायला सगळे येतात, दोर कोणी बदलायचा हा प्रश्न उरतोच.

त्यावर काही स्वयंसेवकांनी तोड काढली. एंटरप्राइझ आवृत्तीचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, रेड हॅट सर्वांसाठी खुला ठेवत असे. तो घ्यायचा, कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह काढायचे आणि संच पुन्हा बांधायचा. २००४ मध्ये अशा रीतीने 'सेंटओएस' जन्माला आली. ठिगळे रेड हॅटच्या पगारी माणसांनी लावायची आणि वापर मोफत! जगभरच्या संकेतस्थळांचे सर्व्हर तिच्यावर चालू लागले. पण तिचा कारभार किती मोजक्या हातांत होता, ते २००९ च्या जुलैत दिसले. प्रकल्पाच्या वेबसाइटचे नाव ज्यांच्या ताब्यात होते ते संस्थापकच संपर्कात नाहीत, म्हणून सहकाऱ्यांना त्यांच्या नावे जाहीर पत्र काढावे लागले. प्रकरण काही दिवसांत मिटले.

२०१४ मध्ये रेड हॅटनेच सेंटओएसला आपल्या पंखाखाली घेतले, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरना रेड हॅट विकत घेतली. आणि ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली: 'सेंटओएस ८' ची दुरुस्ती २०२१ अखेर थांबेल. लोकांनी ती २०२९ पर्यंत चालेल या हिशेबाने सर्व्हर उभे केले होते. बदल्यात पुढे केलेली 'सेंटओएस स्ट्रीम' ही एंटरप्राइझ आवृत्तीच्या मागून नव्हे, तर एक पाऊल पुढे चालणारी. म्हणजे ज्यांना स्थैर्य हवे त्यांच्या नेमकी उलट.

यात परवान्याचा भंग कुठेही झाला नव्हता. कोड होता तिथेच होता आणि कोणालाही वापरता येत होता. गेला तो दुरुस्तीचा शब्द. आणि तो जीपीएलमध्ये लिहिलेलाच नसतो. उलट, कोणतीही हमी नाही, असे त्या परवान्यात स्पष्ट म्हटले आहे.

पण मुक्ततेचा उपयोगही त्याच दिवशी दिसला. सेंटओएसच्या उभारणीत आरंभी सहभागी असलेले ग्रेगरी कर्टझर यांनी नवा प्रकल्प जाहीर केला आणि रॉकी मॅकगॉ या दिवंगत सहकाऱ्याच्या स्मरणार्थ त्याला 'रॉकी लिनक्स' नाव दिले. क्लाउडलिनक्स कंपनीने 'अल्मालिनक्स' उभी केली. दोन्ही २०२१ मध्येच वापरात आल्या. मग जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ आवृत्तीचा कोड सर्वांसमोर मांडणे बंद करून तो ग्राहकांपुरता ठेवला. तेव्हा अल्मालिनक्सने हुबेहूब नक्कल करण्याचा आग्रह सोडला आणि तिच्यावरचे प्रोग्राम इथेही चालावेत एवढ्यावर समाधान मानले.

या सगळ्या धावपळीत काही जण 'डेबियन'कडे गेले. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाला मालक कंपनी नाही. स्वयंसेवक दरवर्षी मतदानाने आपला प्रमुख निवडतात. संच शंभर टक्के मुक्तच राहील, असे वचन त्यांनी १९९७ मध्ये 'सामाजिक करार' म्हणून लिहून ठेवले आहे. त्यामुळे डेबियन विकत घेऊन बंद करता येत नाही. तरी तिथेही आवृत्ती तीनएक वर्षांची झाली की पुढच्या दोन वर्षांच्या दुरुस्तीचे काम बऱ्याच अंशी पगारी माणसे करतात आणि त्यांचे पैसे ती वापरणाऱ्या कंपन्या आपणहून वर्गणी काढून भरतात.